मुलांना फळं-भाज्या खायची सवय कशी लावायची? घरात हृदयविकार आहे म्हणून विचारतेय

केळफूल | १५ जून, रात्री १०:५२

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहायची पहिलीच वेळ, लांबलं तर सांभाळून घ्या.

मार्चमध्ये माझ्या नवऱ्याला हार्ट अटॅक आला. वय ४२. सिगरेट नाही, दारू नाही, पोट जरा सुटलेलं एवढंच. सकाळी ऑफिसला निघताना बूट घालता घालता खालीच बसला आणि म्हणाला जबडा दुखतोय. मला वाटलं दाढ असेल, लवंग आणायला आत गेले आणि बाहेर आले तर घामाने शर्ट भिजलेला. शेजारचे काका म्हणाले काही विचार करू नकोस, रिक्षा बोलाव, त्यांच्यामुळे वेळेत पोचलो. दोन स्टेंट टाकले. आता बरा आहे, कामावर जातोय, रोज पाऊण तास चालतो. सासरेही ५१व्या वर्षी असेच गेले होते, तेव्हा नवरा कॉलेजात होता.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, गोळ्या ह्यांच्या एकट्याच्या, ताट मात्र अख्ख्या घराचं बदला, मुलांचं तर आत्तापासूनच. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

लेक १० वर्षांची, मुलगा ६ चा. मुलगा खातो काय तर वरणभात, बटाटा, तूपसाखर पोळी, बिस्किटं, वेफर्स. भाजी म्हटलं की तोंड घट्ट मिटतो, भातात कोथिंबिरीचं पान दिसलं तरी बाजूला काढतो. फळात फक्त आंबा, तोही आता संपला. मी चिडते, सासूबाई मध्ये पडतात, नवरा गप्प होतो आणि जेवण संपेपर्यंत सगळ्यांचीच भूक गेलेली असते.

लेकीचं दुखणं वेगळंच. ती काही न बोलता सगळं खाते. परवा कारलं केलं होतं, तर डोळ्यात पाणी आणि एकेक फोड गिळतेय. मी म्हटलं अगं नको असेल तर राहू दे, तर म्हणाली, "मी नाही खाल्लं तर मला पण पप्पांसारखं होईल ना?" हे तिच्या मनात मीच भरवलंय, एप्रिलमध्ये एकदा रागाच्या भरात बोलून गेले होते. रात्रभर झोप लागली नाही.

मला दोघांनाही खायला शिकवायचंय, पण असं नाही. तुम्ही कसं केलंत, सांगाल का?

वाफाळ | १५ जून, रात्री ११:२०

केळफूल, आधी तुम्हाला एक घट्ट मिठी. तीन महिन्यांत काय काय पेललं असेल तुम्ही.

भाजीचं नंतर बघू, आधी लेकीशी बोला, उद्याच. तिला सरळ सांगा की मी तेव्हा घाबरले होते आणि चुकीचं बोलले, पप्पांना जे झालं ते एका भाजीमुळे झालेलं नाही आणि तू एक दिवस कारलं नाही खाल्लंस म्हणून तुला काही होणार नाही. मुलं हे मनात धरून बसतात हो. माझ्या वडिलांचं असंच झालं तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि मोठं कोणीच काही बोलत नव्हतं, मग मीच ठरवून टाकलं की मी अभ्यास केला नाही म्हणून बाबा आजारी पडले. कित्येक वर्षं ते ओझं घेऊन फिरले.

गोदाकाठ | १६ जून, सकाळी ६:१५

आपल्या यजमानांना उत्तम आरोग्य लाभो. माझं वय ६८, त्यामुळे माझं म्हणणं जुनं वाटेल, तरी मनापासून लिहितो. आमच्या घरी ताटात पडेल ते खायचं आणि ताट स्वच्छ केल्याशिवाय उठायचं नाही हा नियम होता. मेथी, अंबाडी, चाकवत, तांदुळजा, घोळ, सगळं खाल्लं. निवड नव्हतीच. आज घरात सतरा पर्याय असतात आणि मूल नाही म्हणालं की आई लगेच दुसरं करून देते. थोडी शिस्त हवी, प्रेमानेच पण हवी, असं मला वाटतं.

अनुस्वार | १६ जून, सकाळी ९:४०

काका, तुमचा आदर ठेवून लिहितो, पण ताट स्वच्छ करायच्या नियमाने माझं नुकसान झालंय. मला शेपूच्या भाजीवर दोन दोन तास बसवून ठेवायचे, गार झालेली भाजी, वर ओरडा, एकदा उलटी झाली तर तीही माझीच चूक. आज ४१ वर्षांचा आहे, बाजारात शेपूच्या जुडीशेजारी उभा राहिलो तरी पोटात ढवळतं. आणि ताट संपवायची सवय अशी अंगात मुरली की पोट भरलंय हे मला कळतच नाही, वजन ९६ किलो, बीपीची गोळी चालू.

तुमचा दुसरा मुद्दा मात्र पटतो. वेगळं करून द्यायचं नाही हे बरोबर आहे. फक्त त्यापुढची जबरदस्ती नको.

गोदाकाठ | १६ जून, सकाळी ११:०५

अनुस्वार, वाचून वाईट वाटलं. माझ्या धाकट्या भावाचं भोपळ्याच्या बाबतीत अगदी असंच झालं होतं हे आत्ता आठवलं, तो आजही खात नाही. आम्हा मोठ्यांना त्याचं काही वाटत नसे. शिस्त कुठे थांबवायची याचा मी पुन्हा विचार करीन, नातवंडं सुट्टीत माझ्याकडेच असतात.

बालवैद्य | १६ जून, रात्री ९:३०

मी बालरोगतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करतो. दोन-तीन गोष्टी लिहितो, त्यातली पहिली सगळ्यात महत्त्वाची आणि तिचा भाजीशी संबंध नाही.

केळफूल, दोन्ही मुलांची लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करून घ्या. आजोबा ५१ आणि वडील ४२. पुरुषाला ५५ च्या आत आणि बाईला ६५ च्या आत हृदयविकार झाला तर त्याला आम्ही लवकरचा हृदयविकार म्हणतो आणि घरात तो असेल तर मुलांची तपासणी दोन वर्षांनंतर कधीही करता येते. काही घराण्यांत एलडीएल, म्हणजे धमन्यांत साठणारं कोलेस्टेरॉल, जन्मापासूनच खूप जास्त असतं, ते अनुवंशिक असतं, आणि अशा मुलांना चांगल्या आहाराबरोबर पुढे औषधही लागतं, साधारण आठ-दहा वर्षांच्या वयानंतर. असं निघालं तर ते आईच्या स्वयंपाकामुळे झालेलं नसतं हे लक्षात ठेवा. बहुतेक वेळा रिपोर्ट नॉर्मल येतो आणि घर निर्धास्त होतं. बीपीही दरवर्षी एकदा मापावं, मुलांच्या हाताला बसणारा छोटा पट्टा वापरून.

दुसरं म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी आत्तापासूनच असं का म्हटलं ते. धमन्यांत चरबी साठायला चाळिशीत सुरुवात होत नाही. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ साली प्रसिद्ध झाली. पोरं सरासरी २२ वर्षांची, आणि ७७ टक्के हृदयांच्या धमन्यांत कमी-जास्त आजार दिसला. त्यानंतर अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा गावात डॉ. जेराल्ड बेरेन्सन यांनी १९७० च्या दशकापासून शेकडो नव्हे हजारो मुलांचं बीपी, वजन, कोलेस्टेरॉल वर्षानुवर्षं नोंदवलं, त्यातूनही हेच दिसलं की मोठेपणीच्या हृदयविकाराची मुळं लहानपणात असतात. आपल्याकडे तर घाई जास्त आहे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्या जगात ५९ च्या आसपास. रोज फळं-भाज्या खाणाऱ्यांना धोका कमी, हे त्याच अभ्यासात आहे.

भाजी करते काय? पोटॅशियममुळे मूत्रपिंडं जास्तीचं मीठ बाहेर टाकतात, बीपी आटोक्यात राहतं. पेरू, सफरचंद, भेंडी, गवार, घेवडा यांतला विरघळणारा चोथा आतड्यात पित्ताला धरून ठेवतो आणि शौचावाटे घेऊन जातो, मग नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. पालक आणि बीटमधल्या नायट्रेटपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, त्याने रक्तवाहिन्या सैलावतात. आणि साधी गोष्ट, पेरूने पोट भरलं की वेफर्सला जागा उरत नाही.

किती खायचं? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मुलांसाठी आकडे दिलेत. २ ते ५ वर्षं रोज निदान २५० ग्रॅम, ६ ते ९ ला ३५०, १० च्या पुढे ४००, फळं आणि भाज्या मिळून. बटाटा, रताळं यात धरायचं नाही. ऐकायला खूप वाटतं, पण एक केळं सोलून साधारण १०० ग्रॅम, मध्यम पेरू दीडशे, भाजीची छोटी वाटी शंभराच्या आसपास. तुमचा मुलगा आज पन्नासवर असेल तर पुढच्या महिन्यात शंभर हे यश आहे.

बाकी खायला कसं लावायचं ते उद्या लिहितो, ओपीडीनंतर डोळे मिटतायत.

मधुरव | १६ जून, रात्री १०:१०

मी तर सरळ लपवते!! पालक उकडून कणकेत, बीट धिरड्यात, दुधी किसून थालिपिठात, लाल भोपळा पावभाजीत, गाजर इडलीच्या पिठात. माझी दोन्ही पोरं आवडीने खातात आणि त्यांना पत्ताही नसतो. डब्यात भाजी परत येत नाही यातच माझी दिवाळी. कोणी म्हणेल फसवणूक आहे तर म्हणू दे, पोटात जातंय ना.

आभाळवेडी | १७ जून, सकाळी १०:३०

मधुरव, मीपण तीन वर्षं हेच केलं. मग मुलगी सातवीत हॉस्टेलला गेली आणि तिथे वांग्याची भाजी ताटात आली तेव्हा तिला ती ओळखीचीच नव्हती. पोटात गेलं होतं गं, पण जिभेशी ओळख कधी झालीच नव्हती. फोनवर रडायची, म्हणायची आई इथे मी नुसती आमटी-भात खाते.

थालीपीठ करच, ते आपलं पूर्वीपासूनचं खाणं आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त करताना मुलांना सांग की यात दुधी आहे, किसायला बसव त्यांना. आणि शेजारी त्याच दुधीची दोन फोडी भाजी ठेव, खाल्ली तर खाल्ली. धाकट्याच्या वेळी मी असंच केलं.

मधुरव | १७ जून, सकाळी ११:१५

हॉस्टेलचं वाचून धस्स झालं, खरंच हा विचार केला नव्हता. आजपासून सांगून टाकते. मोठा चिडेल बहुतेक, पण चालेल.

परसातली | १७ जून, दुपारी ४:००

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, डोंगराकडचं गाव आहे. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीला दिवसाला ५० ग्रॅम भाजी आणि सहावी ते आठवीला ७५ ग्रॅम धरलेली असते. पण आमटीतली भाजी मुलं ताटाच्या कडेला लावून ठेवायची, खाली कुत्र्यांना टाकायची. आम्ही हातपंपाच्या सांडपाण्यावर परसबाग केली. पालक, मेथी, मुळा, लाल माठ, कुंपणाला घेवडा आणि दोडका, कोपऱ्यात शेवगा. वाफा वाटून दिला, तिसरीचा पालक, चौथीचा मुळा असं. मेथी तीन-चार आठवड्यांत खुडायला येते त्यामुळे मुलांचा धीर सुटत नाही.

ज्या दिवशी तिसरीचा पालक आमटीत पडला त्या दिवशी तिसरीच्या एकाही ताटात पालक उरला नाही, उलट चौथीच्या पोरांना "आमचा पालक नीट खा" असा दम देत फिरत होती. पुढच्या आठवड्यात मुळ्याच्या वेळी चौथीने वचपा काढला. गावातली मुलं शेत रोज बघतात तरी स्वतःचा वाफा म्हटल्यावर त्यांच्यात एवढा फरक पडला, तर शहरातल्या मुलाला एका कुंडीचंही किती वाटेल. केळफूल ताई, मुलाला मूठभर मेथीदाणे द्या आणि जुन्या टबात पेरायला लावा. पाऊस सुरू झालाय, वेळ चांगली आहे.

आणि पावसाळ्यातच रानभाज्या निघतात. टाकळा, कुर्डू, फोडशी, करटोली, भारंगी. कल्याण-कर्जत बाजूला आदिवासी बायका वाटे लावून बसतात. मुलाला हाताला धरून न्या, भाजी कुठून आणली ते त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. शेवळं मात्र माहीत असल्याशिवाय करू नका, काकडं (आंबट रानफळं) घालून नीट शिजवली नाहीत तर घसा खाजतो.

बालवैद्य | १७ जून, रात्री ९:५०

परसातली, तुमची पोस्ट माझ्या दवाखान्यात लावावीशी वाटतेय.

कालचं पुढे. २ ते ६ वर्षांच्या मुलांना नव्या चवीची भीती वाटणं हा वाढीचा भाग आहे, विशेषतः कडू आणि हिरव्याची. चालायला लागलेलं पोर दिसेल ते पान तोंडात घालू नये म्हणून निसर्गाने केलेली ही सोय असावी. त्यामुळे तोंड मिटणारं मूल हट्टी असतं असं नाही. एक भाजी आपलीशी व्हायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा चव घ्यावी लागते. बहुतेक घरं तिसऱ्या वेळी सोडून देतात आणि "आमच्याला दोडका आवडत नाही" असं जाहीर करतात. तेही मुलासमोर.

चव म्हणजे वाटीभर नाही, चिमूटभर. नखाएवढा तुकडा ताटात, बाकीचं नेहमीचं. नाही खाल्ला तर काही न बोलता ताट उचलायचं. दोन दिवसांनी पुन्हा. काय, कधी, कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं आणि खायचं का ते मुलाने, ही विभागणी एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी मांडली आणि माझ्या पेशंटांमध्ये मी तिचा गुण पाहिलाय.

लाच देऊ नका. भाजी संपवलीस तर चॉकलेट, असं म्हटलं की मूल एवढंच शिकतं की भाजी हे संकट आणि चॉकलेट हे बक्षीस. मुलांच्या खाण्यावरच्या प्रयोगांत हे दिसलंय, चॉकलेटची ओढ वाढते आणि भाजीची कमी होते.

चार वर्षांखालची मुलं वाचणाऱ्यांच्या घरी असतील तर अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे जाड तुकडे, शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. द्राक्षं उभी चिरून चार भाग करा.

रोजचाडबा | १८ जून, सकाळी ८:२०

सगळं छान चाललंय पण फळं परवडतात का हो आता? मी सिंगल मदर आहे, दोन मुलं, पगार सांगत नाही पण समजून घ्या. सफरचंदं, किवी, ड्रॅगन फ्रूट बघूनच पुढे जाते आणि मग मनात येतं की मुलांचं नुकसान करतेय.

आभाळवेडी | १८ जून, सकाळी ९:००

अजिबात करत नाहीयेस गं. पेरू घे, सी व्हिटॅमिन संत्र्याच्या कितीतरी पट आणि चोथा भरपूर. केळी वर्षभर आहेत. ज्या महिन्यात जे हातगाडीवर ढिगाने येतं तेच घ्यायचं, आत्ता जांभळं, मग सीताफळं, थंडीत बोरं आणि आवळे, संत्री नागपूरची उतरली की मग ती. संध्याकाळी उशिरा बाजारात गेलं की वाटे स्वस्त लागतात. मुळ्याचा पाला, कोबीचा दांडा, बिटाची पानं टाकत नाही मी, पीठ पेरून परतली की सगळं संपतं.

आणि एक हिशेब घरी करून बघ, महिन्याला बिस्किटं, कुरकुरीत पाकिटं, गोड पेयं यांवर किती जातात. आमचे ११०० निघाले होते. त्यात दिवसाआड डझनभर केळी आली.

दूरदेशी | १८ जून, दुपारी १:४५

न्यू जर्सीहून. इथे भाज्यांना तोटा नाही, इंडियन स्टोअरमध्ये फ्रोझन गवार, तोंडली, करटोली पण मिळतात. माझ्या मुलाची अडचण वेगळी होती, डब्यात मेथीची भाजी नेली की वर्गातली मुलं नाक धरायची. पहिलीत असताना त्याने डबाच खाणं बंद केलं. मग डब्यात काकडी, गाजर, ढोबळी मिरचीच्या लांब फोडी आणि शेंगदाण्याची चटणी दह्यात कालवून, ती बुडवून खातो. फोडणीची भाजी घरी, रात्रीच्या जेवणाला, सगळ्यांबरोबर. मला आधी वाईट वाटलं की आपलं जेवण लपवावं लागतंय, पण मूल दुपारभर उपाशी राहण्यापेक्षा हे बरं. आता चौथीत आहे, मागच्या महिन्यात स्वतः म्हणाला थालीपीठ दे डब्यात.

ज्यूसबद्दल कोणी सांगेल का? सासूबाई रोज ग्लासभर संत्र्याचा रस देतात, घरीच काढलेला.

बालवैद्य | १८ जून, रात्री १०:०५

रसापेक्षा फळ. ग्लासभर रसाला तीन-चार संत्री लागतात, चोथा गाळणीत राहतो आणि साखर पोटात जाते. तेवढी संत्री सोलून एका बैठकीत कोणी खात नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सांगितलंय, वर्षाच्या आतल्या बाळाला रस अजिबात नाही, १ ते ३ वर्षांत दिवसाला १२० मिली पुरे, सातच्या पुढे २४० मिलीच्या वर नाही, आणि रोज दिलाच पाहिजे असंही नाही. आजींना सांगा, संत्रं सोलून एकेक फोड नातवाला भरवा. त्यात वेळही जास्त मिळतो दोघांना.

मिठाकडेही लक्ष द्या. काकडीवर मीठ, पेरूवर मीठ-तिखट, वर लोणचं, पापड, फरसाण. भाजीने जे बीपी कमी करायचं ते मीठ वाढवतं. मोठ्यांना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, मुलांना त्याहून कमी. आणि घरात कोणाला किडनीचा आजार असेल तर त्यांच्या ताटातल्या फळं-भाज्या त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच वाढा, पोटॅशियम त्यांना बाधतं.

अनुस्वार | १९ जून, सकाळी ७:३०

पुरुषांनी इथे लिहायला हवं म्हणून पुन्हा लिहितो. माझा मुलगा पाच वर्षांचा. बायको रोज त्याच्या मागे वाटी घेऊन, आणि मी त्याच टेबलावर भाजी बाजूला सारून लोणच्याशी पोळी खायचो. एक दिवस त्याने हुबेहूब माझ्यासारखी वाटी डाव्या हाताने सरकवली. तीच ढब. मला फार लागलं ते.

तेव्हापासून मी रोज एक घास सगळ्यात आधी भाजीचा घेतो, त्याच्याकडे न बघता. कौतुक नाही, "बघ बाबा कसा खातो" वगैरे नाही. शेपू अजून जमलेला नाही पण मेथी, दोडका, पडवळ खातोय. पडवळ मी चाळीस वर्षांत चाखलं नव्हतं. मुलाने पाचव्या का सहाव्या आठवड्यात स्वतःहून हात घातला. केळफूल, तुमचे मिस्टर जेवताना गप्प होतात असं लिहिलंत. त्यांना माझा निरोप द्या, त्या मुलाला सगळ्यात जास्त उपयोग त्यांचाच होईल.

केळफूल | १९ जून, रात्री ११:४०

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा नवऱ्याला वाचून दाखवलं. अनुस्वार, तुमची पोस्ट वाचताना तो उठून गॅलरीत गेला. नंतर म्हणाला मला वाटायचं माझ्यामुळे सगळ्यांना हे पथ्याचं खावं लागतंय, म्हणून मी काही बोलत नव्हतो.

लेकीशी बोलले. वाफाळ, तुम्ही सांगितलं तसंच. ती आधी काही म्हणाली नाही, मग विचारलं, "म्हणजे मला कारलं नाही आवडलं तर चालेल?" म्हटलं चालेल. मग कुशीत शिरून खूप रडली. मीही.

मेथी पेरली आहे, मुलाने दाणे एकावर एक ओतलेत, उगवेल तशी उगवेल. लिपिडसाठी डॉक्टरांना विचारते. पुढचं कळवेन.

केळफूल | १७ ऑगस्ट, रात्री १०:१५

दोन महिने झाले, सांगितल्याप्रमाणे लिहितेय.

आधी रिपोर्ट. मुलाचं सगळं नॉर्मल. लेकीचं एलडीएल थोडं जास्त आलंय, १३४. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं घाबरायचं कारण नाही, औषध नाही, सहा महिने खाणं आणि खेळणं सांभाळा आणि पुन्हा तपासू. तिला आम्ही खरं तेच सांगितलं, आकडा सांगितला, आणि तिच्याबरोबर पप्पाही पुन्हा तपासणार हेही. ती शांत होती. आता दोघं संध्याकाळी बॅडमिंटन खेळतात.

मुलाबद्दल. पहिली मेथी पिवळी पडली, पाणी फार घातलं. दुसरी आली. त्याने स्वतः कात्रीने कापली, जेमतेम मूठभर, मुगाची डाळ घालून केली आणि त्याने दोन घास खाल्ले. दोनच. तिसऱ्याला म्हणाला कडू आहे, आणि मी काही बोलले नाही, हे मला सगळ्यात कठीण गेलं. आजपर्यंत मेथी नऊ वेळा केलीय (फ्रिजवर खुणा करतेय), आता चार-पाच घास जातात. दुधी अजून थुंकतो. काकडी, गाजर, ढोबळी मिरची शेंगदाण्याच्या दह्याबरोबर चालू झालंय, दूरदेशी तुमच्यामुळे. पेरू रोज, बिया काढून द्याव्या लागतात. करटोली त्याला "काटेरी बॉल" म्हणून आवडली, दोनदा आणली, पण फार महाग आहे इकडे.

वेगळं काही करत नाही आता. त्याच्या आवडीची एक गोष्ट ताटात असतेच, म्हणजे वरणभात किंवा पोळी, त्यामुळे तो उपाशी राहत नाही आणि सासूबाईंचा जीवही थाऱ्यावर राहतो. त्यांनी श्रावणात एक छान केलं, दर सोमवारी उपास सोडताना केळीच्या पानावर सगळ्यांना वाढलं आणि प्रत्येक भाजीचं नाव आणि त्यांच्या माहेरी ती कुठे लावलेली असायची ते सांगितलं. मुलगा गोष्टीसाठी जवळ बसला आणि अळूच्या फदफद्यात बोट बुडवून चाटलं. आता ऋषीपंचमीची भाजी त्याच्याकडून निवडून घेणार आहेत.

वेफर्स बंद केले नाहीत, शनिवारी एक छोटं पाकीट चौघात. पूर्ण बंद केले तेव्हा तो शेजारी जाऊन खात होता.

बालवैद्य, एक विचारायचं होतं. लेकीची पुढची टेस्ट फेब्रुवारीत, तेव्हा उपाशी न्यायची का? सकाळी उपाशी राहायचं म्हटलं की ती पुन्हा घाबरते.

परसातली | १८ ऑगस्ट, सकाळी ६:५०

नऊ वेळा मेथी! ताई, ती फ्रिजवरची खुणांची पट्टी जपून ठेवा. दुधी थुंकतो तर चणाडाळ घालून, बरोबर ओलं खोबरं आणि थोडी कोथिंबीर घालून बघा, फोडी एकदम बारीक. आमच्या शाळेत नुसत्या दुधीला हात लावत नाहीत, डाळ घातली की संपतो.

बालवैद्य | १८ ऑगस्ट, रात्री ९:२०

पुन्हा बघायला एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) दोन्ही लागतील, तर एकदा उपाशीपोटी केलेली बरी, पण रात्रीच्या जेवणापासून सकाळपर्यंतचंच अंतर, पाणी चालतं. लॅब उघडताच पहिला नंबर लावा. रक्त दिलं की तिथेच खाता येईल असं काही बरोबर न्या, सोललेलं संत्रं किंवा केळं, आणि पप्पांचीही टेस्ट त्याच दिवशी ठेवा, दोघं शेजारी शेजारी बसतील.

केळफूल | १८ ऑगस्ट, रात्री १०:३०

हो, तसंच करू. फेब्रुवारीत बोरं असतील, तिला बोरं आवडतात, तीच घेऊन जाते.